दोन मुठी गहू

सॉलोमनकाका,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. त्या रविवारी तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावरून उठलात तेव्हा एक वाजून सोळा मिनिटं झाली होती. उठलात असं लिहिलं, ते बरोबर नाही. मी तुम्हाला उठवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

तुमचं जेवण झालं होतं. जेवणानंतरची तुमची प्रार्थना झाली होती की नाही, हा प्रश्न मला त्या वेळी पडलासुद्धा नाही. आता पडला आहे, तर विचारायला तुम्ही नाही.

आपली ओळख या टेबलावरचीच. तुम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून उदगीरला निवृत्त झालात आणि कोकणातल्या दमट हवेत दम लागतो म्हणून आमच्या शेजारी दोन खोल्या घेऊन इथंच राहिलात. आम्ही लिंगायत. घरात मांस, मासळी, अंडं येत नाही, म्हणून तुमचे खाण्याचे नियम आमच्याकडं आपोआप पाळले जायचे. "उदगीरमध्ये मला डोळे मिटून जेवता येईल असं हे एकच घर," असं तुम्ही पहिल्या आठवड्यात म्हणालात, आणि माझ्या बायकोनं, महानंदानं, ते फार मनावर घेतलं. बुधवार आणि रविवार दुपारचं जेवण आमच्याकडं ठरून गेलं. एक चार महिन्यांचा रुसवा सोडला, तर अकरा वर्षांत फार थोडे वार चुकले.

मी मोजणी खात्यातला माणूस. जमिनी मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं समोर काही चाललं की ते किती चाललं हे डोक्यात आपोआप नोंदलं जातं. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय मोजणीदार," असंच म्हणायचात. एका शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही मला तुमच्याकडं जेवायला बोलावलंत. स्वतः पोळ्या केल्या होत्या, जाड आणि वाकड्या. जेवण झाल्यावर तुम्ही ताटाबाहेर पोळीचा एक तुकडा राहू दिलात, लिंबू कापायच्या सुरीवर रुमाल टाकलात, बोटांवर थोडं पाणी ओतलंत आणि डोळे मिटून पुटपुटायला लागलात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. चार मिनिटं लागली. मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, याला बिर्कत हमाझोन म्हणतात. आम्ही देवाचं जेवणाआधी करतो, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही. तुम्ही म्हणालात, "भुकेल्या माणसाला देव आठवतोच. पोट भरल्यावर आठवतो का, हे बघायला ही प्रार्थना आहे."

मला ते पटलं. पण पुढच्या रविवारी आमच्याकडं जेवलात आणि सगळं अर्ध्या मिनिटात आटोपलंत. तुकडा नाही, रुमाल नाही. बुधवारी पुन्हा तसंच. मी महिनाभर वेळ मोजली. तीस सेकंद, पस्तीस, अठ्ठावीस. एकदाही चाळीसच्या वर नाही.

महिन्याच्या शेवटी मी ताटावरच विषय काढला.

"काका, तुमच्या घरच्या जेवणाला चार मिनिटं आणि आमच्या जेवणाला अर्धं मिनिट. काय कमी पडतंय आमच्यात?"

तुम्ही ताटाकडं बोट केलंत. "ही भाकर आहे."

"मग?"

"भाकरीला एवढंच असतं. मोठी प्रार्थना रोटीला. आणि रोटी म्हणजे गहू, जव आणि त्यांच्या जातीची आणखी तीन धान्यं. ज्वारी त्यात नाही."

"म्हणजे भाकर रोटी न्हाई?"

"नियमात नाही."

"साऱ्या मराठवाड्याचं पोट हिच्यावर भरतंय. किल्ल्यापासून मोंढ्यातल्या धान्यवाल्यांपर्यंत कुणालाबी विचारा."

"मोंढ्यात विचारून नियम ठरत नाहीत, मोजणीदार. ज्यांनी नियम केले त्यांच्याकडं ज्वारी नव्हती."

"मग आमच्याकडं पोळीच खात जा की."

त्यावर तुम्ही मात्र चिडलात. "मला भाकर आवडते. प्रार्थना लांबवायला मी आवडीचं जेवण सोडू? मोजणीत जमीन वाढावी म्हणून तुम्ही बांध सरकवता का?"

हे मला लागलं. खात्यात माझ्यावर तसा आरोप कधी झाला नाही, पण ज्यांच्यावर झाला ते मी पाहिले आहेत. मी ताट सारलं आणि म्हणालो, "अर्ध्या मिनिटाच्या घरी जेवायला येत जाऊ नका मग."

तुम्ही हात धुऊन गेलात. चार महिने आला नाहीत. महानंदा बुधवारी आणि रविवारी डबा पोचवत राहिली आणि माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत राहिली. डब्यात भाकरच असायची. मी एकदा म्हणालो, "पोळ्या दे, म्हणजे लांबलचक म्हणतील." ती म्हणाली, "तुम्ही घड्याळ घेऊन जेवायला बसता. ते देव घेऊन बसतात. तुमचं दोघांचं जमायचं न्हाई." एवढं बोलून आत गेली.

चार महिन्यांनी तुम्हीच आलात. हातात जुनं प्रार्थनेचं पुस्तक, डाव्या पानावर हिब्रू आणि उजव्या पानावर मराठी. तुम्ही माझ्यासमोर ते उघडलंत आणि पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावलंत. सगळ्या जगाला, प्रत्येक जिवाला जो अन्न देतो त्याचे आभार, असा त्याचा अर्थ होता.

"यात ज्वारीवाले आले की नाही?"

"आले."

"मग भांडण कशाचं?"

मी म्हणालो, "मग हे ज्वारीवर का न्हाई म्हणत?"

तुम्ही पुस्तक मिटलंत आणि खूप हसलात. "तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. वाढ गं महानंदा, भाकर वाढ." त्या दिवशीही प्रार्थना बत्तीस सेकंदच चालली. आकडा मी मनात नोंदवून ठेवला. पण वाद संपला नव्हता, हे तुम्हालाही माहीत होतं.

त्यानंतर मी तुमचे नियम शिकायलाच बसलो. मला आकडे लागतात आणि तुमच्याकडं आकडे होते. किती खाल्लं म्हणजे जेवण मानायचं? ऑलिव्हच्या फळाएवढं. ते मी पाहिलेलं नाही, म्हणून तुम्ही म्हणालात, अर्ध्या अंड्याएवढं. महानंदा आतून म्हणाली, "आमच्या घरात अंडं येत न्हाई, दुसरं कायतरी सांगा." मग लिंबावर तोडगा निघाला. जेवणानंतर किती वेळात म्हणायचं? बहात्तर मिनिटांत. कुठं म्हणायचं? जिथं जेवलो तिथंच. विसरून उठून गेलं तर? परत त्या जागी यायचं. म्हटलं की नाही हेच आठवत नसेल तर? "पोटभर रोटी खाल्ली असेल आणि शंका असेल, तर पुन्हा म्हणायचं," तुम्ही म्हणालात. "आभार दोनदा मानले तर बिघडत नाही. एकदाही मानले नाहीत तर बिघडतं." आमच्या खात्यात शंका आली की फेरमोजणी करतात. मला हा नियम सगळ्यांत जवळचा वाटला.

पाडव्याला, दिवाळीला आमच्याकडं पोळ्या असायच्या, तेव्हा तुम्ही मोठी प्रार्थना म्हणायचात. पहिल्या वेळी महानंदाला तुमचा राहिलेला तुकडा खटकला. आमच्यात ताटात टाकायची रीत नाही, अन्न प्रसाद असतं. "काका, एवढं संपवा की," असं तिनं दोनदा म्हटलं. तुम्ही समजावलंत, टेबल रिकामं असलं तर आशीर्वाद कशावर उतरणार, म्हणून तुकडा ठेवायचा. सुरी झाकायची, कारण ती माणसाचं आयुष्य कमी करते आणि जेवण ते वाढवतं. शेवटी, पाहुणा असेल तर त्यानं यजमानाच्या घरासाठी आशीर्वाद मागायचा. "तो भाग अगदी शेवटी येतो," तुम्ही सांगितलंत, "तोपर्यंत यजमानानं धीर धरायचा." मी विचारलं, पुरणपोळीला छोटी की मोठी? पोळी गव्हाची, पण आत पुरण. तुम्ही बराच वेळ विचार केलात. "हे मला मुंबईच्या आमच्या जाणत्यांना विचारावं लागेल." दर होळीला मी आठवण करून द्यायचो आणि दर होळीला तुम्ही म्हणायचात, अजून उत्तर आलं नाही.

आता तो रविवार.

तुम्ही आलात तेव्हाच चेहरा उतरलेला होता. नवी कवळी टोचते, म्हणालात. महानंदानं पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी केली होती. जेवताना तुम्हाला घाम आला. मी म्हणालो, डॉक्टरकडं जाऊ. तुम्ही म्हणालात, "जेवण होऊ द्या." एक वाजून बारा मिनिटांनी तुमचा शेवटचा घास झाला. मी शेजारच्यांची गाडी मागायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा एक सोळा. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. कपाळावर घाम होता, ओठ हलत होते.

माझा हिशेब साधा होता. भाकर जेवलात, म्हणजे अर्धं मिनिट. ते केव्हाच संपलं असणार. म्हणजे हे दुखणं आहे, कण्हणं आहे. मी तुमचा दंड धरला. तुम्ही डोळे उघडून हात वर केलात, थांबा असा. मी म्हणालो, "नंतर, काका, नंतर. आधी चला." आणि उचललंच. तुम्ही विरोध केला नाहीत. सत्तर किलोचा माणूस, पण हलके उठलात.

गाडीत मी तीनदा विचारलं, कसं वाटतंय. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. दवाखान्याच्या दारात मात्र बोललात, "मोजणीदार, चप्पल राहिली." डॉक्टरांनी लगेच लातूरला हलवा म्हणून सांगितलं. नळेगाव सोडल्यावर, लातूर यायच्या आधी, तुम्ही गेलात. ठाण्याला, तुमच्या माणसांत, तुम्हाला माती दिली तेव्हा मी होतो. तिथंही माझ्या डोक्यात एकच होतं, की गाडीभर तुम्ही माझ्यावर रागावून गप्प होतात.

उदगीरला परतलो तेव्हा टेबलावर एक वाटी पालथी दिसली. मी ती उचलली. खाली भाकरीचा तुकडा होता, वाळून कडक झालेला.

"हा काय इथं?"

महानंदा म्हणाली, "काकांचा हाय. ऱ्हाऊ द्या."

"भाकरीचा तुकडा ते कधी ठेवत नव्हते."

"त्या दिवशी ठेवला." मग ती खाली बसली आणि तिनं सांगितलं. कवळी टोचते म्हणून आणि जुन्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नव्हता म्हणून तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच पिठात गहू घातला होता. मी बाहेर गेल्यावर तुम्ही ताटात उरलेली चतकोर हातात धरून बघितलीत आणि विचारलंत, "महानंदा, आज भाकर तुटत नाही. गहू लावलास?"

"हाव काका, दोन मुठी."

"ज्वारी किती?"

"सहा मुठी."

मग म्हणालात, "म्हणजे आज मोजणीदाराचं खरं झालं." तुम्ही तिच्याकडं पाणी मागितलंत, बोटं ओली केलीत, सुरीवर रुमाल टाकलात आणि डोळे मिटलेत.

काका, तो रुमाल मी पाहिला होता. आत आल्या आल्या पाहिला होता. बांधावरचा दगड चार बोटं सरकला तरी मला कळतो. तुमची झाकलेली सुरी आणि ताटाबाहेरचा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी घड्याळाकडं बघत होतो.

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही ऐकणार होता का? मी हाक मारली. तुम्ही त्यांना दारापर्यंत नेलं होतं."

मी तिच्यावर रागावलो नाही. रागावायला जागाच नव्हती. आत जाऊन मी तिच्या मुठीनं सहा मुठी ज्वारीचं आणि दोन मुठी गव्हाचं पीठ तराजूवर तोललं. गहू चौथ्या हिश्शाच्या आसपास भरला. त्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, पण तोलल्याशिवाय राहवलं नाही. मग दुसरा हिशेब केला. पाणी, रुमाल धरून सुरुवात एक तेराला झाली असेल. मी उठवलं एक सोळाला. तुम्हाला चार मिनिटं लागतात. म्हणजे शेवटचं एक मिनिट राहिलं. आणि शेवटी काय येतं ते तुम्हीच मला सांगितलं होतंत. अकरा वर्षं मी तक्रार केली की आमच्या रोजच्या भाकरीला तुम्ही अर्धंच मिनिट देता. ज्या एका दिवशी तुम्ही तिला पुरी चार द्यायला बसलात, त्या दिवशी आमच्या घराचा आशीर्वाद यायच्या आत मी तुमचा दंड धरला.

परवा तुमचा मुलगा डॅनियल खोल्या रिकाम्या करायला आला. पन्नाशीचा, तुमच्यासारखाच बसताना आधी खुर्ची चाचपणारा. मी त्याला सगळं सांगितलं, वेळांसकट. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं,

"काका, गाडीत पप्पा बोलले नाहीत ना?"

"एक शब्द न्हाई. दवाखान्याच्या दारात चपलेचं बोलले."

"प्रार्थनेच्या मधे बोलत नाहीत. कदाचित गाडीत पुरी केली असेल. अडचण असली तर वाटेतही म्हणता येते."

"कदाचित."

"हो, कदाचित. ते मी खात्रीनं नाही सांगू शकत."

"शंका असली तर पुन्हा म्हणायची असते," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "जिवंत माणसानं. गेलेला माणूस सगळ्या नियमांतून मोकळा होतो. त्यांच्याकडं आता काही बाकी नाही."

मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. तुमच्यासाठी वाटलंही. पण मी मोकळा झालो नव्हतो. मी विचारलं, "त्यांच्या वतीनं तुला म्हणता येईल?"

"नाही. मी जेवलो, तर माझी म्हणेन." मग त्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं. "काकू, पप्पांना त्या दिवशी काय वाढलं होतं?"

"पिठलं, वांगं अन् भाकर."

"तेच कराल?"

"तसंच पीठ घालू? गव्हाचं?"

त्यानं प्रमाण विचारलं. मी तराजूवरचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "गहू सहाव्या हिश्शापेक्षा जास्त आहे, म्हणजे नियमानं ही रोटीच. मग मोठीच लागेल." तुम्ही हे एका क्षणात, चतकोर हातात धरून ठरवलं होतंत. मला तराजू लागला.

तो तुमच्या जागेवर बसला. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी अर्धी घेतली. महानंदा म्हणाली, "बापापेक्षा बरा जेवतोस." मी पुरणपोळीचं विचारून घेतलं. तोही विचारात पडला आणि म्हणाला, "विचारून सांगतो." आम्ही तिघंही हसलो.

जेवण झाल्यावर त्यानं ताटाबाहेर एक तुकडा ठेवला. महानंदानं आतून वाटीखालचा तुमचा तुकडा आणला आणि त्याच्या शेजारी ठेवला. सुरी मी झाकली. त्यानं बोटं ओली केली आणि डोळे मिटले.

तुमचं ते पुस्तक मी मांडीवर घेतलं होतं, मराठीचं पान उघडून. तो हिब्रूत म्हणत होता, मी मनातल्या मनात ओळीवर बोट ठेवून चाललो होतो, कुठं आहे ते नीट कळत नव्हतं तरी. शेवटी तो थोडा थांबला आणि आमच्याकडं वळून ती ओळ मराठीत म्हणाला, या घराच्या मालकावर, मालकिणीवर आणि या टेबलावर आशीर्वाद असो. महानंदानं पदर डोळ्यांना लावला.

बाहेर कुणीतरी गेटची कडी वाजवत होतं. बहुतेक त्याचा टेम्पोवाला, सामान न्यायला आलेला. पुन्हा वाजवली. डॅनियलचे ओठ अजून हलत होते.

सव्वापाच मिनिटं लागली, काका. तुमच्यापेक्षा सव्वा मिनिट जास्त. मी जागचा हललो नाही.